परशुराम कृष्ण गोडे

परशुराम कृष्ण गोडे (जन्म : देवरूख, रत्नागिरी जिल्हा, ११ जुलै १८९१, मृत्यू : २८ मे १९६१) हे महाराष्ट्रातील प्राच्यविद्यापंडित, हस्तलिखितांचे अभ्यासक आणि भारतीय सांस्कृतिक इतिहासाचे संशोधक होते. प. कृ. गोडे या नावाने ते परिचित आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ते १९१९ पासून चार दशकांहून अधिक काळ क्युरेटर होते. संस्कृत ग्रंथ व ग्रंथकार यांचे कालनिर्णय हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. त्यांनी लिहिलेल्या शोधनिबंधांची संख्या चारशेहून अधिक भरते.

राजे, लढाया आणि राजवंश यांच्या पलीकडे जाऊन रोजच्या जीवनातील वस्तूंचाही इतिहास लिहिता येतो, हे गोडे यांनी साधार दाखवून दिले. जिलेबी, लाह्या, हरभरा, तांबूल, तंबाखू, गुलाबपाणी, नथ, शोभेची दारू अशा विषयांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिले. पाकशास्त्रावरील जुन्या पोथ्यांचा त्यांनी केलेला अभ्यास भारतीय खाद्यसंस्कृतीच्या इतिहासलेखनात पायाभूत मानला जातो.

भांडारकर संस्थेतील कार्य

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या सन्मानार्थ ६ जुलै १९१७ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. मुंबई सरकारने १८६६ पासून जमविलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह त्या वेळी डेक्कन कॉलेजात होता. बूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि स्वतः भांडारकर यांनी गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र व इतर प्रांतांतून या पोथ्या मिळविल्या होत्या. १९१८ मध्ये हा संग्रह संस्थेकडे सोपविण्यात आला. पुढल्याच वर्षी गोडे क्युरेटर झाले आणि या पोथ्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि संस्थेचे त्रैमासिकही निघू लागले. या त्रैमासिकाच्या संपादनात गोडे यांचा दीर्घकाळ सहभाग होता.

संग्रहातील पोथ्यांच्या वर्णनात्मक सूचींपैकी अलंकार, संगीत व नाट्य, काव्य आणि नाटक या विषयांचे खंड गोडे यांनी सिद्ध केले. अशा सूचीत प्रत्येक पोथीची पाने, ओळी, लिपी, आरंभ, शेवट आणि पुष्पिका यांची नोंद करावी लागते. पुष्पिका म्हणजे पोथीच्या अखेरीस लेखनिकाने लिहिलेला मजकूर. त्यात बहुधा नकल केल्याची तिथी, गाव आणि पोथीच्या मालकाचे नाव असते. या नोंदींतून गोडे यांच्या पुढील संशोधनाची सामग्री जमा होत गेली.

१९३८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांच्यासह त्यांनी ‘न्यू इंडियन अँटिक्वरी’ हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले. पांडुरंग वामन काणे यांच्या गौरवार्थ १९४१ मध्ये निघालेल्या ग्रंथाचे संपादनही या दोघांनी केले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या निधनानंतर त्यांचे संकलित लेखन गोडे यांनी संपादित केले. वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची तीन खंडांतील सुधारून वाढविलेली आवृत्ती १९५७ ते १९५९ या काळात प्रसिद्ध झाली. तिचे संपादक गोडे आणि चिं. ग. कर्वे हे होते.

पाकशास्त्राच्या पोथ्यांचे स्थान

जुन्या हस्तलिखित-संग्रहांत पाकशास्त्र असा स्वतंत्र विभाग बहुधा आढळत नाही. स्वयंपाकावरील ग्रंथ वैद्यकात किंवा धर्मशास्त्रात घातलेले असतात. अन्नाचे गुणदोष सांगणारा भाग वैद्यकात जातो, तर काय खावे, कोणी कोणाकडे खावे आणि पाने कशी वाढावीत हे सांगणारा भाग धर्मशास्त्रात जातो. उरलेले उल्लेख राजनीतीच्या ग्रंथांत, जैन कथांत आणि निघंटूंत विखुरलेले असतात. ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असून तो बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. त्यातील अन्नभोग हे प्रकरण राजाच्या उपभोगांच्या वर्णनात येते. हा ग्रंथ ग. कृ. श्रीगोंदेकर यांनी बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेसाठी संपादित केला आहे.

या विखुरलेपणामुळे पदार्थांच्या इतिहासाचा विचार फारसा झालेला नव्हता. वैद्यकाचा अभ्यासक औषधाकडे पाही आणि धर्मशास्त्राचा अभ्यासक विधिनिषेधाकडे पाही, त्यामुळे मधला पदार्थ दुर्लक्षित राही. सर्व शाखांच्या पोथ्या नित्य हाताळणाऱ्या गोडे यांना हे उल्लेख एकत्र आणणे शक्य झाले.

कालनिर्णयाची पद्धत

संस्कृत ग्रंथकार स्वतःचा काळ क्वचितच सांगतात. म्हणून गोडे प्रत्येक ग्रंथासाठी दोन मर्यादा ठरवीत. ग्रंथात ज्या जुन्या ग्रंथांचे आधार दिलेले असतील, त्यांपैकी सर्वांत अलीकडच्या ग्रंथाचा काळ ही पूर्वमर्यादा होय. त्या ग्रंथाचा आधार घेणारा पुढचा ग्रंथ किंवा त्या ग्रंथाची तिथी असलेली सर्वांत जुनी नक्कल ही उत्तरमर्यादा होय. नवी पोथी सापडली की या दोन मर्यादांमधील अंतर कमी होत जाई. त्यांच्या बहुतेक निबंधांच्या शीर्षकांतच अमुक ते अमुक सालांच्या दरम्यान असा निर्देश असतो.

हीच पद्धत त्यांनी पदार्थांना लावली. एखादा पदार्थ कोणत्या ग्रंथात प्रथम आढळतो, तेथे तो कोणत्या नावाने येतो, पुढे त्याचे नाव व कृती कशी बदलते आणि परकीय प्रवाशांच्या वृत्तांतांत त्याचा मेळ बसतो का, अशा क्रमाने ते पुरावे मांडीत. पुराव्यावाचून निष्कर्ष काढण्याचे ते टाळीत. अनेक निबंध त्यांनी प्राथमिक टिपण म्हणून प्रसिद्ध केले आणि नवी माहिती मिळताच पुरवणी निबंध लिहिले.

‘भोजनकुतूहल’ आणि रघुनाथ

पाकशास्त्राच्या क्षेत्रात गोडे यांचे सर्वांत महत्त्वाचे काम ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथासंबंधी आहे. या ग्रंथाचा कर्ता रघुनाथ गणेश नवहस्त हा महाराष्ट्रीय पंडित होता. ग्रंथाची हस्तलिखिते ठाऊक होती, परंतु कर्ता कोण, कोठला आणि कोणत्या काळातला याविषयी निश्चिती नव्हती. गोडे यांनी ग्रंथातील आधार तपासून त्याचा रचनाकाळ इ.स. १६७५ ते १७०० यांच्या दरम्यान ठरविला.

त्यानंतर त्यांनी कर्त्याच्या चरित्राचा माग काढला. रघुनाथाला तंजावरची राणी दीपाबाई हिचा आश्रय होता. दीपाबाई ही शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांची पत्नी होय. या रघुनाथाचा समर्थ रामदासांशी संबंध होता, हे गोडे यांनी एका स्वतंत्र निबंधात मांडले आणि त्या संबंधाचा काळ इ.स. १६४८ ते १६८२ यांच्या दरम्यानचा मानला. संस्कृत पोथी आणि मराठी संतपरंपरेतील साधने एकमेकांसमोर ठेवून केलेल्या या ओळखीमुळे स्वयंपाकावरील एक ग्रंथ मराठ्यांच्या इतिहासात आपल्या जागी बसला. सतराव्या शतकात महाराष्ट्रातून तंजावरकडे सैन्य आणि राज्यकारभार गेला, तसे पंडित आणि त्यांचे पाकज्ञानही गेले, हे त्यातून दिसून आले.

‘भोजनकुतूहला’त धान्ये, डाळी, भाज्या, मांस, दूध, पाणी आणि तयार पदार्थ यांचे गुणदोष सांगितले असून भोजनविधीचे नियमही दिले आहेत. रघुनाथ जुन्या वैद्यक ग्रंथांचे आधार देतो आणि त्याचबरोबर पदार्थांची प्रचलित, विशेषतः मराठी, नावेही नोंदवितो. या नावांमुळे हा ग्रंथ भाषेच्या अभ्यासकांनाही उपयुक्त ठरला आहे. त्याचा पहिला परिच्छेद १९५६ मध्ये त्रिवेंद्रम येथून छापून प्रसिद्ध झाला.

जिलेबीचा इतिहास

भारतीय आहारशास्त्राच्या इतिहासावरील गोडे यांचा जिलेबीविषयक निबंध १९४३ मध्ये ‘न्यू इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने जिलेबी हा शब्द अरबी ‘झलाबिया’वरून आल्याचे म्हटले होते. अरबी पाकग्रंथांत हा पदार्थ दहाव्या शतकापासून आढळतो. तो भारतात केव्हापासून रुळला, हा गोडे यांच्यापुढील प्रश्न होता.

त्यांना मिळालेला जुना पुरावा जिनसूर या जैन ग्रंथकाराच्या ‘प्रियंकरनृपकथा’ या ग्रंथातला होता. सुमारे १४५० मधील या कथेत एका श्रीमंत व्यापाऱ्याकडील मेजवानीच्या पदार्थांत जिलेबीचा समावेश आहे. इ.स. १६०० पूर्वीच्या ‘गुण्यगुणबोधिनी’ या ग्रंथात तिची कृती दिलेली आहे आणि ती आजच्या पद्धतीशी जुळते. यापुढील दुवा म्हणून त्यांनी ‘भोजनकुतूहला’चा उपयोग केला. याप्रमाणे बाहेरून आलेला हा पदार्थ पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पश्चिम भारतातील श्रीमंतांच्या पंगतीत बसला होता आणि पुढील दीडदोनशे वर्षांत त्याला संस्कृत ग्रंथांत स्थान मिळाले होते, हे स्पष्ट झाले. जिलेबी परकी की देशी हा वाद अभिमानाच्या बळावर न सोडविता तिथींच्या आधारे कसा सोडवावा, याचे हा निबंध उदाहरण आहे.

इतर खाद्यविषयक संशोधन

१९४० च्या दशकात गोडे यांनी आहारविषयक आणखी काही निबंध लिहिले. भाजलेल्या धान्यांच्या वापरावरील निबंधात त्यांनी इ.स.पू. ५०० ते इ.स. १९०० एवढ्या दीर्घ काळातील उल्लेख एकत्र केले. प्रवासात टिकणारे, पुन्हा शिजवावे न लागणारे आणि व्रतवैकल्यांतही चालणारे हे अन्न वैदिक काळापासून आजच्या लाह्यांपर्यंत कसे चालत आले, याचा मागोवा त्यात आहे.

घोड्यांचा खुराक म्हणून हरभऱ्याचा वापर या विषयावरील त्यांचा निबंध इ.स. ८०० ते १९०० या काळाचा आहे. घोडदळावर राज्ये उभी असण्याच्या काळात घोड्याचा दाणा हा लष्करी खर्चाचा प्रश्न होता. त्यामुळे एका कडधान्याचा इतिहास येथे शेती, व्यापार आणि युद्ध यांच्याशी जोडला जातो. तांबूल आणि तंबाखू यांवरही त्यांनी अनेक टिपणे लिहिली. तांबुलाचे उल्लेख प्राचीन साहित्यात विपुल आहेत. याउलट तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणून तिचा उल्लेख असणारा ग्रंथ फार जुना असू शकत नाही. अशा नवागत वस्तू कालनिर्णयाचे साधन म्हणून उपयोगी पडतात.

जुन्या पाककृती आणि कालनिर्णयाचे महत्त्व

संस्कृतमध्ये ‘सूप’ या शब्दाचा अर्थ मुख्यतः डाळीचे कालवण असा होतो. त्यावरून स्वयंपाक्याला सूपकार आणि स्वयंपाकाच्या विद्येला सूपशास्त्र म्हणत.  वैद्यक ग्रंथांतील ‘यूष’ म्हणजे मराठीतील कढण होय. ‘भावप्रकाश’ या सोळाव्या शतकातील ग्रंथात द्विदल धान्य अठरापट पाण्यात शिजवून यूष करावे असे सांगितले आहे. मीठ, स्नेह आणि मसाला घातलेल्या यूषाला कृत आणि न घातलेल्याला अकृत म्हणतात. मांस शिजवून काढलेल्या रश्शाला मांसरस ही संज्ञा आहे. ‘मानसोल्लासा’त डाळी मंद आचेवर हिंगाच्या पाण्यासह शिजविण्याच्या आणि मांस कडधान्यांबरोबर शिजविण्याच्या कृती आहेत.

अशा कृती आज करून पाहू इच्छिणाऱ्यांपुढे दोन अडचणी येतात. पहिली मापांची. ‘भावप्रकाशा’त जिलेबीसाठी, म्हणजे कुंडलिनीसाठी, नव्या मडक्याला आतून अर्धा प्रस्थ आंबट दही लावावे, दोन प्रस्थ बारीक पीठ, एक प्रस्थ आंबट दही व थोडे तूप एकत्र घोळून त्यात घालावे आणि आंबेपर्यंत उन्हात ठेवावे असे सांगितले आहे. प्रस्थ म्हणजे सोळा पल. आजच्या आयुर्वेदीय मानाने एक पल ४८ ग्रॅमचे धरतात, म्हणून प्रस्थ ७६८ ग्रॅमचे होते. परंतु मागध आणि कालिंग अशी दोन मानेही प्रचलित होती, त्यामुळे ग्रंथाचा देश व काळ कळल्याशिवाय माप निश्चित करता येत नाही. उन्हात किती वेळ ठेवावे हे ग्रंथ सांगत नाही, ते करणाऱ्याच्या अनुभवावर सोडलेले असते.

दुसरी अडचण जिन्नसांची आहे. मिरची, बटाटा आणि टोमॅटो हे अमेरिका खंडातून आलेले जिन्नस सोळाव्या शतकापूर्वी भारतात नव्हते. बाराव्या शतकातील रश्श्याचा तिखटपणा मिरे, सुंठ, आले, मोहरी आणि हिंग यांनी येत असे. त्यात लाल तिखट घातले तर रस्सा रुचकर होईल, परंतु तो सोमेश्वराच्या पाकशाळेतला राहणार नाही. ग्रंथ कोणत्या शतकातला आहे हे ठाऊक असेल तरच हा भेद करता येतो. पाकग्रंथांच्या कालनिर्णयाचे व्यावहारिक मोल येथे दिसून येते. तिथीवाचून एखादी कृती प्राचीन म्हणणे हा केवळ समज ठरतो.

संशोधनाच्या मर्यादा

गोडे यांची साधने मुख्यतः संस्कृत हस्तलिखिते होती. ती लिहिणारे, नकलणारे आणि जपणारे बहुतांशी राजाश्रित पंडित, वैद्य आणि जैन मुनी होते. त्यामुळे त्यांतून दिसणारे अन्न प्रामुख्याने राजवाड्यातले, मेजवानीतले किंवा वैद्याने सुचविलेले आहे. शेतकऱ्याच्या घरातील भाकरी-कोरड्यास, मावळातील भात आणि नाचणी, कोळ्यांच्या घरची मासळी यांविषयी या पोथ्या फारसे सांगत नाहीत. ज्या स्त्रियांच्या हातून रोजचा स्वयंपाक होत होता, त्यांचे ज्ञान तोंडीच राहिले. मराठीत हे ज्ञान छापील स्वरूपात येण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये आले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये आले आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. गोडे यांच्या निबंधांचा शेवट बहुधा १९०० या सालाशी होतो. त्यापुढील इतिहासासाठी अभ्यासकांना या छापील पुस्तकांकडे वळावे लागते.

गोडे यांचे बहुतेक लेखन इंग्रजीत आणि संशोधनपर नियतकालिकांत विखुरलेले होते. त्यामुळे विद्वानांत मान्यता मिळूनही सर्वसामान्य मराठी वाचकांपर्यंत त्यांचे काम कमी प्रमाणात पोहोचले.

प्रकाशित साहित्य

गोडे यांचे निबंध पुढील संग्रहांत एकत्र करण्यात आले आहेत.

• स्टडीज इन इंडियन लिटररी हिस्टरी – तीन खंड (१९५३, १९५४, १९५६)
• स्टडीज इन इंडियन कल्चरल हिस्टरी – तीन खंड (पहिला १९६१, दुसरा १९६०, तिसरा १९६९)
• द हिस्टरी ऑफ फायरवर्क्स इन इंडिया (१९५३) – इ.स. १४०० ते १९०० या काळातील शोभेच्या दारूचा इतिहास

सांस्कृतिक इतिहासाचा तिसरा खंड त्यांच्या निधनानंतर भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला.

गौरव व वारसा

गोडे यांच्या कार्याच्या गौरवार्थ १९६० मध्ये पुण्यातून स्मारकग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे संपादन ह. ल. हरियप्पा आणि म. म. पाटकर यांनी केले. त्यानंतर पुढील वर्षी २८ मे १९६१ रोजी वयाच्या ६९ व्या वर्षी गोडे यांचे निधन झाले.

खाद्यशास्त्रज्ञ के. टी. अचया यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियन फूड : अ हिस्टॉरिकल कंपॅनियन’ या ग्रंथात गोडे यांच्या निबंधांचा आधार घेतला आहे. जिलेबीच्या भारतातील प्राचीनतेविषयी आज सर्वत्र दिली जाणारी माहिती मुख्यतः गोडे यांच्या १९४३ च्या निबंधातून आलेली आहे, जरी ती देताना त्यांचे नाव अनेकदा घेतले जात नाही. ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथाचा कोणताही अभ्यास त्यांनी ठरविलेल्या कालमर्यादेपासून सुरू होतो.